मोटर दार उचलत नाही: गराजचा स्मार्ट ओपनर घेण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीत एडिसनजवळ २००६ साली बांधलेलं घर नुकतंच घेतलंय. दोन गाड्यांचं गराज, त्याला सोळा फुटी एकच दार, आणि गराजच्या बरोबर वर मुलाची खोली. चेनचा जुना ओपनर, म्हणजे दार उघड-मीट करणारी मोटर, आहे; त्याच्यावर जांभळं बटण आहे. पहाटे दार उघडलं की मुलगा जागा होतो. ऑफिसच्या अर्ध्या वाटेवर ‘दार बंद केलं ना?’ ही शंका येते. एप्रिलमध्ये सासूबाई आणि सासरे साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी येतायत. नवा वाय-फायवाला ओपनर घ्यावा, की जुन्यालाच मोबाइलवर चालणारी छोटी डबी जोडावी? दुकानदार म्हणतो, मोठं दार आहे, सव्वा हॉर्सपॉवरच घ्या.

ताई, घराबद्दल अभिनंदन. बटणाचा रंग लिहिलात ते फार बरं केलंत, त्यावरून पुष्कळ कळतं. पण त्याकडे नंतर येतो. मी सोळा वर्षं मध्य जर्सीत गराजची दारं बसवतो आणि दुरुस्त करतो. मूळचा सांगलीचा, मेकॅनिकलचा डिप्लोमा. गावी गेल्यावर धंदा सांगायची पंचाईत होते. ‘गॅरेजचं काम करतो’ म्हटलं की लोक स्कूटर पुढे आणून उभी करतात.

तर पहिली गोष्ट. गराजचं दार मोटर उचलत नाही, स्प्रिंग उचलते. तुमचं सोळा बाय सात फुटांचं, आत फोम भरलेलं पत्र्याचं दार साधारण सत्तर ते नव्वद किलो भरेल. दार खाली येतं तेव्हा त्याच्या वजनाने वरच्या दांड्यावरच्या स्प्रिंगला पीळ बसतो, आणि वर जाताना तोच पीळ सुटत दाराला ओढून घेतो. मोटरीच्या वाट्याला उरतं ते थोडंसं ढकलणं-ओढणं. पाळणा नीट टांगलेला असला की झोका द्यायला एक बोट पुरतं, तसं. आता पाळण्याची एक दोरीच तुटली असेल तर बोट किती जाड आहे याला काय अर्थ?

म्हणून दुकानात जाण्याआधी या शनिवारी एक परीक्षा करा. दार पूर्ण बंद करा. पूर्ण बंद, हे महत्त्वाचं. मग ओपनरच्या रेलवरून लोंबणारी लाल दोरी ओढा. दार मोटरीपासून सुटेल. आता हाताने उचला. एका माणसाला फारसा जोर न लावता उचलता आलं पाहिजे. कंबरेपर्यंत आणून हळूच हात सैल करा, पण पाय दाराखाली नको. दार तिथेच थांबलं, किंवा बोटभर वरखाली होऊन थांबलं, तर स्प्रिंग चांगली आहे. धाडकन खाली जायला लागलं तर स्प्रिंग थकली आहे. आपसूक वर पळालं तर कोणीतरी पीळ जास्त दिलाय. आणि दार मुळात उचलवतच नसेल, तर दोरीसकट सगळं सोडून द्या आणि दाराच्या वरच्या दांड्यावरची स्प्रिंग लांबूनच बघा. मधे दोनेक इंचांची फट दिसली तर ती तुटलेली आहे.

दार उघडं असताना लाल दोरी कधीही ओढू नका. स्प्रिंग तुटलेली असली तर सगळं वजन एकदम खाली येतं.

मागे एका मराठी घरी गेलो होतो. त्यांची तक्रार अशी की तीन वर्षांत दोन ओपनर ‘जळाले’, म्हणून आता सगळ्यात ताकदवान बसवा. मी शिडी लावून ओपनरचं कव्हर काढलं. आत सगळीकडे पांढरा भुगा, खवलेल्या नारळासारखा. चेनच्या ओपनरमध्ये मोटर आणि चेनच्या मधे नायलॉनचं एक दातेरी चाक असतं. दार जड झालं की त्याचे दात झिजत जातात आणि तो कीस वंगणावर चिकटून बसतो. दारावर दोन स्प्रिंग होत्या, त्यातली डावी तुटलेली. कधी तुटली ते त्यांना आठवत नव्हतं. मग वहिनी म्हणाल्या, एका जानेवारीत रात्री गराजमध्ये बंदुकीसारखा आवाज झाला होता, आम्हाला वाटलं शेल्फ पडलं. तेव्हापासून बिचारी मोटर एका स्प्रिंगच्या भरवशावर दार ओढत होती. दोन्ही स्प्रिंग नव्या घातल्या, आणि त्यांनी माळ्यावर टाकलेला आधीचाच ओपनर नवं चाक घालून परत बसवला. अजून चालतोय.

हे पाल्हाळ अशासाठी की तुमचं घर २००६चं आहे. साध्या स्प्रिंगचं आयुष्य दहा हजार फेऱ्यांचं धरतात, एक उघड-मीट म्हणजे एक फेरी. दिवसाला चार फेऱ्या धरल्या तर सात वर्षं होत नाहीत. आपल्याकडे पुढचं दार पाहुण्यांसाठी आणि लक्ष्मीपूजनासाठी असतं, घरातली माणसं गराजमधूनच ये-जा करतात. शाळा, ऑफिस, इंडियन स्टोअर, मुलाचं सॉकर धरून दिवसाच्या सहा-सात फेऱ्या सहज होतात. तेव्हा आधीच्या मालकाने स्प्रिंग शेवटची कधी बदलली ते विचारा. बदलायची वेळ आलीच तर दोन्ही एकदम बदला, आणि वीस-पंचवीस हजार फेऱ्यांची मागा. तार थोडी जाड आणि स्प्रिंग लांब असते, पैशांत फरक बेताचा पडतो.

स्वतः बदलायच्या फंदात मात्र पडू नका. मिस्टरांना व्हिडिओ बघून उत्साह येईल, त्यांना आवरा. सात फुटी दाराच्या स्प्रिंगला साडेसात वेढ्यांच्या आसपास पीळ दिलेला असतो, आणि तो पाव-पाव वेढ्याने दोन पोलादी सळया आळीपाळीने घालत द्यावा लागतो. सळईऐवजी स्क्रूड्रायव्हर घातला आणि निसटला की मनगट जातं, दात जातात. या धंद्यात मी घाबरतो अशी हीच एक वस्तू. बाकी सगळं, म्हणजे ओपनर, सेन्सर, कीपॅड, हाताला वळण असलेल्या माणसाने स्वतः बसवायला माझी हरकत नाही.

आता हॉर्सपॉवर. दार समतोल असेल तर तुमच्या दाराला अर्धा हॉर्सपॉवर पुरतो, पाऊण घेतला तर चैन. सव्वा हॉर्सपॉवर जड लाकडी दाराला ठीक आहे. मोठ्या मोटरीने तुमचं नुकसान होईल असं नाही, पण तिचा एक दुर्गुण असा की ती दाराचा आजार लपवते. अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर स्प्रिंग तुटल्यावर लगेच कुरकुरते, थांबते, आणि तुम्ही मला फोन करता. सव्वावाली निमूटपणे ओढत राहते, आणि एक दिवस दाराच्या सगळ्यात वरच्या पट्टीचा पत्रा जिथे ओपनरचा हात जोडलेला असतो तिथेच दुमडतो. मग नवी पट्टी, आणि तो रंग बाजारात मिळत नाही. म्हणून सोळा फुटी दारावर ओपनर कुठलाही बसवा, वरच्या पट्टीला आडवा लोखंडी पट्टा मारलेला आहे ना ते आधी बघून घ्या. अनेक घरांत तो नसतो.

मोटरीच्या ताकदीपेक्षा मी तुम्हाला डीसी मोटर बघायला सांगेन. ती हळू सुरू होते, हळू थांबते, त्यामुळे दार दचकत नाही. आणि बॅटरीवर चालायला तीच लागते.

मुलाच्या झोपेचं बघू. चेनऐवजी बेल्ट घ्या, हा सल्ला तुम्हाला सगळेच देतील, आणि तो बरोबर आहे. रबरी पट्टा खडखडत नाही. पण नुसता बेल्ट घेऊन निम्माच आवाज जातो. उरलेला आवाज दोन ठिकाणांहून येतो. एक म्हणजे रोलर. बिल्डरने घातलेले लोखंडी रोलर रुळातून जाताना लोकलसारखे वाजतात. त्यांच्या जागी बेअरिंगवाले नायलॉनचे रोलर घाला. तेरा गोट्यांचे म्हणून मिळतात. सगळ्यात खालचे दोन रोलर ज्या पट्टीत बसतात तिला स्प्रिंगच्या पिळाने ताणलेली वायर जोडलेली असते, तेवढे तंत्रज्ञाकडून बदलून घ्या. दुसरी जागा म्हणजे ओपनर टांगलेल्या लोखंडी पट्ट्या. त्या थेट वरच्या खोलीच्या लाकडी तुळयांना ठोकलेल्या असतात, म्हणजे मोटरीची थरथर मुलाच्या पलंगापर्यंत रीतसर पोचवली जाते. मधे रबराचे जाड तुकडे घाला, पंधरा-वीस डॉलरचं काम आहे. माझ्या अनुभवात चेनचा जुना ओपनर तसाच ठेवून नुसते रोलर आणि रबर बदलल्यावर लोकांनी ‘नवीन घेतल्यासारखं वाटतंय’ म्हटलंय.

छताला टांगायच्या ऐवजी दाराच्या बाजूला भिंतीवर बसणारा ओपनरही असतो. तो थेट स्प्रिंगचा दांडा फिरवतो. सगळ्यात शांत तोच, वरची जागाही मोकळी राहते, गणपतीच्या मखराची आणि ट्रॉली बॅगांची खोकी तिथे टांगता येतात. पण तो महाग, त्याला दांड्याच्या शेजारी भिंतीवर पुरेशी जागा लागते, आणि दाराचा समतोल जरा जरी बिघडला तरी तो लगेच रुसतो, कारण त्याला दार खाली ढकलता येत नाही; दार स्वतःच्या वजनाने उतरावं लागतं. परवडत असेल तर जरूर घ्या. आग्रह नाही.

आता तुमचा खरा प्रश्न, स्मार्टचा. स्मार्ट म्हणजे काय, तर भिंतीवरचं बटण दाबणारं एक लांबचं बोट, आणि दार उघडं की बंद हे सांगणारा एक डोळा. एवढंच. बोट सोपं आहे, डोळा अवघड.

बोटाचं आधी सांगतो, कारण इथे तुमचं जांभळं बटण येतं. चेंबरलेन आणि लिफ्टमास्टर ही एकाच घरची भावंडं, आणि त्यांच्या ओपनरवरच्या शिकवायच्या बटणाचा (ज्याने ओपनरला नवा रिमोट ओळखायला लावतात त्याचा) रंग ही त्याची जन्मपत्रिका. हिरवं बटण नव्वदच्या दशकातलं, नारिंगी किंवा लाल त्यानंतरचं, जांभळं साधारण २००५ ते २०१४ मधलं, आणि पिवळं २०११ पासून पुढचं. जांभळ्यापर्यंत भिंतीवरचं बटण म्हणजे दारावरच्या बेलसारखं आहे. दोन तारा एकमेकींना टेकवल्या की दार हलतं. त्यामुळे बाजारातली कुठलीही साधी वाय-फाय डबी तुमच्या ओपनरला चालेल. पिवळ्या बटणात मात्र भिंतीवरचं बटण आणि ओपनर तारेवरून सांकेतिक भाषेत बोलतात, नुसत्या तारा टेकवून भागत नाही. तिथे त्या भाषेची जाणकार डबी लागते, नाहीतर एका रिमोटचे पोट फाडून त्याच्या बटणाला तारा डकवाव्या लागतात. हे दुकानात कोणी सांगत नाही, आणि मग माणूस डबी घेऊन येतो, तास घालवतो आणि मला फोन करतो.

डोळा. स्वस्त डब्यांबरोबर दाराला चिकटवायचा एक छोटा सेन्सर येतो. दार उभं की आडवं यावरून तो उघडं-बंद ठरवतो, आत बटणासारखी बॅटरी असते. थंडीत बॅटरी मान टाकते, चिकटपट्टी सुटते, आणि सेन्सर जमिनीवर आडवा पडला की मोबाइल तुम्हाला सांगतो, दार उघडं आहे. तुम्ही घाबरून ऑफिसमधून ‘बंद करा’ दाबता. डबीला बिचारीला बंद करणं वेगळं माहीत नाही, ती फक्त बटण दाबते. बंद असलेलं दार उघडतं. एका बाईंचं दार असं दिवसभर सताड उघडं राहिलं होतं, त्यांनीच बंद केलेलं. म्हणून तारेने जोडलेला चुंबकाचा सेन्सर असलेली डबी घ्या. मेरॉसच्या डबीबरोबर तसा येतो, टेलविंडचीही बघण्यासारखी आहे. ज्या नव्या ओपनरमध्ये वाय-फाय आतच असतं तो मोटरीच्या फिरण्यावरूनच दार कुठे आहे ते ओळखतो, हा त्याचा मोठा फायदा.

वाय-फायबद्दल एवढंच: यातली बहुतेक उपकरणं २.४ गिगाहर्ट्झवरच बोलतात, आणि ओपनर छताला, राउटर बहुधा घराच्या दुसऱ्या टोकाला. खरेदीआधी मोबाइल घेऊन ओपनरखाली उभ्या राहा आणि एखादा व्हिडिओ लावून बघा. तो अडकत असेल तर ओपनरही अडकणार.

ॲपवर किती विसंबायचं? बेताचं. २०२३च्या अखेरीस चेंबरलेनने मोबाइलवरून ओपनर चालवायची आपली मायक्यू ही सेवा बाहेरच्या ॲपना बंद केली. होम असिस्टंटसारख्या व्यवस्थेतून ज्यांनी घरातले दिवे, थर्मोस्टॅट आणि गराज एकत्र गुंफलं होतं त्यांची गराजपुरती वीण एका रात्रीत उसवली. त्यानंतर रॅटजीडीओ नावाची छोटी सर्किटची पाटी पुष्कळ जणांनी बसवली. ती ओपनरशी तारेवरून बोलते आणि कंपनीच्या सर्व्हरची गरजच ठेवत नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकेच्या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने, सीसाने, नेक्स कंपनीच्या गराज-डबीबद्दल इशारा काढला होता. सगळ्या डब्यांना एकच परवलीचा शब्द आतून कोरलेला निघाला, म्हणजे जगाच्या कुठल्याही कोपऱ्यातून कोणाचंही दार उघडता येईल अशी सोय.

यावरून स्मार्ट घेऊच नका असं मी म्हणत नाही. माझ्याही घरी आहे. पण घेताना दुकानदाराला एकच प्रश्न विचारा: इंटरनेट बंद पडलं, किंवा कंपनीच उद्या बुडाली, तर भिंतीवरचं बटण, रिमोट आणि कीपॅड चालतील का? ‘हो’ असेल तर घ्या. आणि अनेक घरगुती यंत्रं घरात आधीपासून ॲपलच्या किंवा होम असिस्टंटच्या छत्राखाली असतील, तर घरातल्या घरात चालणारी डबी घ्या. नसतील तर ओपनरचं स्वतःचं साधं ॲप पुरे. तुम्हाला फक्त ‘बंद आहे’ एवढं बघायचंय.

ॲपमधली एक सोय मी प्रत्येक घरी बंद करून येतो: गाडी जवळ आली की दार आपोआप उघडणारी. मोबाइल कधी कोपऱ्यावरच्या दुकानात असतानाच ठरवतो की तुम्ही घरी आलात. तुम्ही कोथिंबीर घेताय आणि इकडे दार उघडं. ‘दहा मिनिटं उघडं राहिलं तर मेसेज कर’ ही सूचना मात्र जरूर लावा. तुमची अर्ध्या वाटेवरची शंका तिनेच जाईल, तुम्हाला ॲप उघडावंही लागणार नाही.

लांबून बंद करण्याबाबत एक गोष्ट ऐका. १९९३ पासून अमेरिकेत बनणाऱ्या प्रत्येक घरगुती ओपनरला वाटेत काही आलं तर उलट फिरण्याची व्यवस्था कायद्याने सक्तीची आहे, कारण त्याआधी दाराखाली लहान मुलं सापडून गेली होती. दाराच्या दोन्ही बाजूंना जमिनीपासून सहा इंचांच्या आत जे दोन छोटे डोळे असतात ते त्याचसाठी. आणि मोबाइलवरून, म्हणजे समोर कोणी नसताना, दार बंद करायचं तर किमान पाच सेकंद आधी आवाज आणि दिवा दोन्ही झाले पाहिजेत असा सुरक्षेचा नियम आहे. तो भोंगा कर्कश असतो. त्याने वैतागून ‘काढून टाका’ म्हणणारी माणसं मला दर महिन्याला भेटतात. मी काढत नाही. सासरे गराजच्या तोंडाशी खुर्ची टाकून ऊन खात बसले असतील, आणि तुम्ही वीस मैलांवरून बटण दाबाल. त्यांना कळायचा तो एकच मार्ग आहे.

त्या डोळ्यांची महिन्यातून एकदा परीक्षा घ्या. दार बंद होताना मधे झाडू आडवा धरा, ते परत वर गेलं पाहिजे. मग इथे दोन बाय चार म्हणून जी लाकडी फळी मिळते ती दाराखाली जमिनीवर आडवी टाकून दार बंद करा; फळीला टेकताच ते परतलं पाहिजे. नाही परतलं तर ओपनर वापरू नका.

‘दार बंदच होत नाही, खाली येतं आणि परत जातं, दिवा लुकलुकतो’ असा फोन आला की मी आता गाडी काढण्याआधी विचारतो, डोळ्यासमोर काय ठेवलंय? दिवाळीच्या आधी एका घरी असाच गेलो होतो. डाव्या डोळ्यासमोर कणकेची वीस पाउंडी पिशवी टेकवून ठेवलेली. पिशवी हातभर सरकवली, दार बंद झालं. काकू ओशाळल्या, चकली दिली, मी पैसे घेतले नाहीत. जुन्या घरांत कोळ्याचं जाळंही पुरतं. आणि तुमचं दार पश्चिमेकडे असेल तर आणखी एक गंमत: संध्याकाळी पाच ते सहा दार बंद होत नाही, रात्री झकास होतं. एक डोळा किरण सोडतो, दुसरा तो घेतो; मावळतीचं ऊन थेट त्या घेणाऱ्या डोळ्यावर पडतं आणि त्याला समोरचा किरण दिसत नाही. दोन्ही डोळ्यांची अदलाबदल करा. हिरवा दिवा असलेला, म्हणजे घेणारा, सावलीच्या बाजूला, पिवळसर दिव्याचा उन्हाच्या बाजूला. या दुरुस्तीला पैसे लागत नाहीत, म्हणून ती बहुतेक कोणी सांगत नाही.

रिमोट लांबून चालत नाही, अगदी दारापाशी आल्यावरच चालतो, अशी तक्रार असेल तर आधी ओपनरमधला एलईडी बल्ब काढून बघा. काही स्वस्त बल्ब रिमोटच्याच लहरींवर गोंगाट करतात.

वीज. सँडी वादळ २०१२च्या ऑक्टोबरमध्ये आलं तेव्हा आमच्याकडे अनेक दिवस वीज नव्हती. किती गाड्या गराजमध्ये अडकल्या होत्या, कारण लाल दोरी कशासाठी असते ते घरात कोणालाच माहीत नव्हतं. कॅलिफोर्नियात २०१७च्या वणव्यांनंतर कायदाच झाला, १ जुलै २०१९ पासून तिथे नव्या ओपनरला बॅटरी हवीच. न्यू जर्सीत तशी सक्ती नाही, पण सासू-सासरे दिवसभर घरात एकटे असणार म्हणून तुम्ही बॅटरीवालाच घ्या. ती बॅटरी दोन-तीन वर्षांत जाते. जायची वेळ आली की ओपनर थोड्या थोड्या वेळाने एक बारीक ‘पिक’ आवाज काढतो, आणि लोक घरभर धुराचे अलार्म तपासत फिरतात. आठवणीत ठेवा.

सासू-सासऱ्यांच्या हातात ॲप देऊ नका. चश्मा शोधा, फोन उघडा, इंग्रजी वाचा, आणि इंडियन सिमवर डेटा नाही. दाराच्या चौकटीला बाहेरून कीपॅड लावा, त्यांच्या छातीच्या उंचीवर. चार आकडे त्यांनाच निवडू द्या, फक्त घराचा नंबर किंवा जन्मसाल नको. सासऱ्यांना पहिल्याच दिवशी दाखवा की दार बंद होताना त्याखालून वाकून पळायचं नसतं. आपली माणसं आतलं भिंतीवरचं बटण दाबून धावत बाहेर येतात, डोळ्याला पाय आडवा जातो, दार परत वर जातं, आणि मग ‘बिघडलं’ म्हणून संध्याकाळपर्यंत तिथेच राखण करत बसतात. बाहेर आल्यावर कीपॅडवरचं बटण दाबायचं, बस्स. लाल दोरीही दाखवा, दार बंद असताना.

तर निवड. परीक्षेत दार समतोल निघालं आणि तुमची अडचण फक्त ‘बंद केलं का’ एवढीच असती, तर मी म्हटलं असतं की जांभळ्या बटणाच्या ओपनरला पन्नास-साठ डॉलरची डबी लावा, रोलर आणि रबर बदला, आणि मोकळ्या व्हा. पण तुमचा ओपनर घराएवढाच जुना दिसतोय, वर मुलाची खोली आहे, आणि म्हातारी माणसं येतायत. म्हणून नवा घ्या: बेल्टचा, डीसी मोटरचा, अर्धा ते पाऊण हॉर्सपॉवर, बॅटरीसह, वाय-फाय आत असलेला. चेंबरलेन किंवा लिफ्टमास्टर घ्या, नाहीतर जिनी. तिन्हींचे सुटे भाग इकडे सहज मिळतात, आणि मला ब्रँडपेक्षा तेच महत्त्वाचं वाटतं. स्प्रिंगचा खर्च निघाला तर आधी तो करा, ओपनर महिनाभर थांबेल. जुना ओपनर काढताना भिंतीवरचं बटण आणि डोळे नव्याबरोबर आलेलेच लावा. जुने तसेच ठेवून पैसे वाचवतो म्हणणारा तंत्रज्ञ आला तर त्याला चहा देऊन वाटेला लावा.

आणि जे तुम्ही विचारलं नाहीत ते. घर जुनं घेतलंत, म्हणजे आधीच्या मालकाचे रिमोट कुठेतरी आहेत. त्यांच्या गाडीच्या आरशातलं बटण, त्यांच्या मुलीच्या पर्समधला रिमोट, कुत्रा फिरवायला येणाऱ्या मुलाला दिलेला कीपॅडचा आकडा, सगळं अजून तुमचं दार उघडतं. नवा ओपनर येईल तेव्हा येईल. आज रात्रीच शिडी लावा आणि ते जांभळं बटण दाबून धरा, साधारण सहा सेकंद, शेजारचा दिवा विझेपर्यंत. सगळी आठवण पुसली जाते. मग बटण एकदा दाबून सोडा, आणि तीस सेकंदांच्या आत तुमच्या रिमोटचं बटण दाबा, ओपनरचा दिवा लुकलुकला की तो शिकला. दुसऱ्या गाडीच्या रिमोटलाही तसंच. कीपॅडला नवा आकडा द्या. घर ताब्यात घेताना किचनच्या खणात एखादा जास्तीचा रिमोट सापडला असेलच, तो शिकवू नका. तो घेऊन गराजसमोर उभ्या राहा आणि दाबून बघा. दार हललं नाही पाहिजे.